उजेड लागणारं बी

अम्मी, तुला मराठी वाचता येत नव्हती, तरी मी मराठीतच लिहितेय. घरातल्या बोलीत तुझ्याशी भांडायला गेले की माझी जीभ अडते, आणि आज मला भांडायचंच आहे. आपल्या मोहल्ल्याच्या कब्रस्तानात जागा उरलेली नाही. यंदा ठरलं, ज्या जुन्या कच्च्या कबरींवर काही निशाणी नाही, तिथेच नव्या मैयतीला जागा द्यायची. तुझ्यावर दगड नाही, कारण तूच लावू दिला नाहीस. शेवटच्या आजारात मी चमच्याने पाणी पाजत होते, तेव्हा म्हणाली होतीस, "पत्थर मत लगाना. पीछे आनेवालों की जगा जाती." तेव्हा मला तुझं कौतुक वाटलं होतं. आता राग येतो.

दगड नाही तर निदान काही जिवंत असावं, म्हणून मला तुझं ते पिवळं फूल आठवलं. विसरवाडी रस्त्यावरच्या नर्सरीत तू कामाला जायचीस, तिथे सुरतेच्या बाजारासाठी गोल्डन रॉड लावायचे. मालक मुळाचे फुटवे काढून लावायचा आणि वाळलेले तुरे फेकून द्यायचा. तू ते ओढणीच्या टोकाला बांधून घरी आणायचीस, थंडीभर कौलांवर ठेवायचीस. अजून दिसतं, मी ओट्याशी उभी आहे, तवा तापलाय, आणि तू तेलाच्या कापलेल्या डब्यात ते बी पेरते आहेस. बी कसलं, फुंकर मारली तर उडेल असा भुसाच तो. त्यात बारीक रेती मिसळून तू ओल्या मातीवर भुरभुरतेस, तळहाताने हलकेच दाबतेस. मी शहाणपणा करून वर मूठभर माती टाकते आणि माझ्या हातावर फाडकन चापट बसते. "मिट्टी मत डाल उसपे. उजाला लगता उसको." मग रात्रीपर्यंत तू माझ्याशी बोलत नाहीस. एवढ्याशा मातीसाठी केवढा तो राग. त्या डब्यातली झाडं मी अजून जगवली आहेत.

बायकांनी कब्रस्तानात जायचं नाही, ही आपल्याकडची रीत. मी भिंतीबाहेर उभी राहते. आधी मुळासकट रोपं पाठवली, ती शेळ्यांनी फस्त केली. मग पावसाळ्यात कागदाच्या पुडीत बी बांधून धाकट्या भावाकडे दिलं. वर माती घालायची नाही, हे त्याला इतक्यांदा बजावलं की तो वैतागला. गॅरेजवरून येताना तो रोज आत डोकावायचा आणि घरी येऊन अजून नाही अशी नुसती मान हलवायचा. तुझ्यावर गवत उगवलं, पण गवत सगळ्यांवरच उगवतं, त्याला कुणी निशाणी धरत नाही. शेवटी मी त्याला खोदून विचारलं. खाली बघत म्हणाला, "आपा, तीन मुट्ठी डाली मैंने. अम्मी के पास जाके मिट्टी दिए बगैर हात वापस नही आए." मैयतीला प्रत्येकाने तीन मुठी माती द्यायची असते. तुझी मैयत निघाली तेव्हा तो तापाने फणफणला होता, त्याला नेलं नव्हतं. राहिलेली माती त्याने आता दिली.

मागच्या शुक्रवारी नमाजनंतर तो चप्पल न काढताच दारात उभा राहिला. तुझ्या जागी नवी कबर झाली होती. रनाळ्याहून इथे मुलाकडे राहायला आलेली कुणी म्हातारी, म्हणे. खणताना तुझं काही सापडलं का, हे मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. तू असतीस तर सरकून तिला जागा दिली असतीस, बसमध्ये कुणालाही द्यायचीस तशी. मला ते ठाऊक आहे, आणि त्याचाच जास्त राग येतो. मला तू एवढ्या मोठ्या मनाची नको होतीस. मला तू तिथे हवी होतीस.

हा कागद धाकट्याच्या हाती तुझ्याकडे पाठवायचा विचार होता. आता नाही पाठवत, तुझ्याआधी तिच्या हाती पडेल. त्या दिवशी घरात सगळ्यांनी तिच्यासाठी दुवा मागितली. मीही हात उचलले, ओठ हलवले. अम्मी, मी काहीच मागितलं नाही.