अर्ध्यात वाल, अर्धं पडीक

१४ नोव्हें. १९७९
कोपरखैरण्याला वालाची पेरणी झाली. हिराबाईच्या भातखाचराच्या मधोमध दोरी लावली. पूर्वेकडच्या अर्ध्यात भातानंतर यंदा वाल, पुढच्या वर्षी मूग, मग परत वाल. पश्चिमेकडच्या अर्ध्यात भातानंतर काहीच नाही, तिन्ही वर्षं. माझी अख्खी पीएच.डी. या एका दोरीवर.
हिराबाईला परत समजावलं : पीक बदललं की मातीतले जंतू बदलतात का, वाढतात का, ते मोजायचंय.
कमरेवर हात ठेवून म्हणाली, "वाढतान. त्याला मोजाचं काय? मना इचार."
"मोजल्याशिवाय कोणी मानत नाही, मावशी."
"आन या अर्ध्यातला माजा वाल?"
मी दोरीची गाठ परत आवळली. तीच हसली. "ठेव पडीक. तीनच वरसं ना? ठेव."

२३ जाने. १९८०
वालाची तीन रोपं उपटली. मुळांवर गाठी भरपूर. ब्लेडने एक कापली, आतून गुलाबी. म्हणजे आतले जंतू कामाला लागलेत. हिराबाईला भिंग दिलं. बराच वेळ बघत राहिली.
"रगात हाय हिला."
म्हटलं, जवळजवळ तसंच. आपल्या रक्तात असतं त्याच्याच जातीचं द्रव्य. मग तिने ते रोप टाकू दिलं नाही. खड्डा करून परत लावलं. जगणार नाही, तिलाही माहीत होतं.

९ मार्च १९८०
पहिल्या वर्षाच्या मातीतून प्लेटांवर वाढवलेले जंतू मोजले. दोन्ही बाजू सारख्याच. अरुण फर्स्ट शिफ्ट करून आला, माझं तोंड बघून चहा टाकला.

२ एप्रिल १९८१
मुगानंतरचे नमुने. पूर्वेकडे जरा जास्त वाटतात. 'वाटतात' हा शब्द माझ्या गाइडना, सरांना, चालत नाही. लाइट गेल्याने इन्क्युबेटर दोनदा बंद, एक संच फुकट.

१७ जुलै १९८१
पाचवा महिना होता. गेलं.
मुलगी होती, असं सिस्टर म्हणाली.

२२ जुलै
घरी. हिराबाई आली. भातलावणी सोडून, कोपरखैरण्याहून वाशीपर्यंत चालत. गुडघ्यापर्यंत चिखल. डब्यात वालाचं बिरडं. "तुज्याच अंगाचा वाल हाय, पयल्या सालचा," म्हणाली. पूर्वेच्या बाजूला ती आता 'तुजं अंग' म्हणते. पाणी तापवून तिने माझे केस धुतले. अरुण बाहेर गॅलरीत उभा राहून रडत होता, तो आवाज येत होता, आणि तिचे हात चालू होते.

१ नोव्हें. १९८१
कापणी. हिराबाई दोन्हीकडची एकेक लोंबी हातावर तोलून म्हणते, "तुज्या अंगाचा भात जड हाय." सरांना सांगितलं. सर म्हणाले, शेतकऱ्याचं मत म्हणजे डेटा नव्हे. खरंच आहे. तरी लिहून ठेवते.

१९ फेब्रु. १९८२, शुक्र.
संध्याकाळी हिराबाई दारात. आत येईना. हातात घडी घातलेला कागद. मी वाचून दाखवला : सरकार नव्या वस्तीसाठी जमीन घेणार, हरकत असेल तर सोमवारी हजर राहून मांडावी. तिने परत वाचायला लावला.
मग म्हणाली, "बाय, लिवून दे. तू शिकलेली. ही माती जिती हाय, वरसाला दोन पिकं देतं, येवरं लिव. खाली तुजी सही कर."
म्हटलं, सरांना विचारून सांगते.
"सरांची जमीन नाय ती," म्हणाली. पण थांबली, पाणी प्यायली, गेली.

२० फेब्रु.
कॉलेजातून सरांना फोन. "दोन वर्षांत फरक सिद्ध झालेला नाही. सही केलीत आणि तिसऱ्या वर्षाचे आकडे उलटे आले तर? मग थिसिस विसरा." चूक काय त्यात?
अ. म्हणाला, "जंतूंचं राहू दे. दोन पिकं घेते हे तर तू डोळ्यांनी बघितलंस. तेवढंच लिही."
मी चिडले. तुला संशोधनातलं काय कळतं म्हणाले. तो फॅक्टरीत गेला. जेवला नाही.

२१ फेब्रु., रवि.
गेले. हिराबाई अंगणात वालाच्या शेंगा सोलत होती. उभ्याउभ्याच सांगितलं, की अजून माहीत नाही, वाल निघाला की नमुने घेईन, पंधरा-वीस दिवसांत नक्की काय ते कळेल.
"सोमवार उद्या हाय."
"हो, पण मावशी, पुराव्याशिवाय मी कशी..."
शेंगा तशाच टाकून उठली. "तीन वरसं माजे शेतान बसून तू बगीतलंस काय?"
आत गेली. दार लावलं नाही, तेच जास्त लागलं. उघड्या दारातून पाठ दिसत होती.

२२ फेब्रु.
कॉलेज. दोन प्रॅक्टिकल्स घेतली. ती एकटी गेली असेल.

१० मार्च
नमुने घेतले, दोन्ही बाजूंचे. ती बाहेर आली नाही. शेजारीण सांगत होती, त्या सोमवारी ऑफिसात तिने नुसती मूठभर माती नेली होती. टेबलावर ठेवली. साहेबाने चांगल्या शब्दांत उचलायला सांगितली.

२१ मार्च
प्लेटा उघडल्या. पूर्वेकडच्या गच्च. पांढऱ्या, पिवळ्या, खडूसारख्या सुक्या वसाहती, आणि झाकण काढलं की ओल्या जमिनीचा वास. पश्चिमेकडच्या विरळ, दोन-तीन जातींच्याच. तिन्ही संच तसेच. परत मोजले. शंकाच नाही.
इतका स्वच्छ निकाल क्वचित येतो. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून रडले.
सर : "अभिनंदन!"

२८ मार्च
शेवटी गेले. एक बंद प्लेट बरोबर नेली, का ते माहीत नाही. म्हटलं, मावशी, तुझं खरं होतं. वाढतात. आता लिहून देते, हवं तितकं लिहून देते.
तिने प्लेट हातात घेतली नाही. "आता कोनाला?" म्हणाली.
जमीन दिल्याच्या कागदावर तिचा अंगठा लागून आठवडा झाला होता.

१६ एप्रिल
भराव सुरू. डोंगराकडून मुरूम येतोय. बांध दिसत नाही. मी रस्त्यावरूनच परतले.
अ. रात्री म्हणाला, तुझ्या चिठ्ठीने काही थांबलं नसतं. हे तो तिसऱ्यांदा म्हणाला. नसेलही थांबलं. पण चिठ्ठी दिली असती तर ती ऑफिसात नुसती मूठभर माती घेऊन उभी राहिली नसती. आणि दोन पिकांचं वाक्य तर तेव्हाही खरंच होतं. त्याला कुठल्या प्लेटा लागत होत्या?

६ ऑक्टो. १९८३
डिग्री मिळाली. आभारात हिराबाईचं पूर्ण नाव घातलं होतं, सरांनी कापून 'स्थानिक शेतकरी' केलं. मी वाद घातला. ते म्हणाले, अशी पद्धत नाही. मग मी सोडून दिलं. परत सोडून दिलं.

२४ नोव्हें. १९८३
आज दिसली. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात, गाळ्याच्या मागे, बायकांच्या रांगेत कांदा निवडत होती. नासका इकडे, चांगला तिकडे. वाळलीय. मी समोर जाऊन उभी राहिले. ओळखलं तिने. मान खाली, हात चालूच.
पास झाले म्हणून सांगितलं. "बरं झालं," म्हणाली. मनापासून म्हणाली, म्हणून जास्तच...
मग वर न बघता, "बाय, येक सांग. वर येवरा मुरूम परलाय. खाली ते तुजे जंतू मेले असतीन का?"
खरं ते सांगितलं. काही मेले असतील. काही कवच करून पडून राहतात, वर्षानुवर्षं. किती, ते मला माहीत नाही.
"पानी नाय, पीक नाय, तरी?"
"तरी."
तिचा हात थांबला. शेजारच्या बाईने नवं पोतं ओतलं आणि कांदे आमच्या दोघींच्या मधे पसरले. मी खाली बसले. निवडू लागले. माझे हात सावकाश, चुका होत होत्या. चांगल्यात टाकलेला एक नासका तिने उचलून दुसरीकडे टाकला. परत एक उचलला.
जा म्हणाली नाही. निघताना मी विचारलं, परत येऊ का? ती कांदा हातात धरून दाबून बघत होती.