कांद्यांखालची वही

सेगेद, हंगेरी, २० एप्रिल १९४४

ती. आजोबांना,
सा. न. वि. वि.

हे पत्र बाजारात कांदे विकणाऱ्या बोर्बालामावशींच्या टोपलीत कांद्यांखालून येईल, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं तर माझ्या अक्षराला दोष देऊ नका. आईने माझ्या कोटावर आपल्या ज्यूंना सक्तीचा झालेला पिवळा तारा इतका नेटका शिवलाय, की शेजारीण टाके बघून गेली.

काळजी माझ्या रोजनिशीची आहे. सक्तमजुरीतून पळालेला आन्डोरदादा मावशींच्या माळ्यावर लपलाय, हेही मी त्यात लिहून बसले. झडती झाली तर दादा आणि मावशी दोघंही जातील, म्हणून आई वही चुलीत घालायला निघाली. मग मी पानापानावर देवाचं नाव लिहिलं. ते नाव असलेला कागद जाळायचा नसतो, पुरायचा असतो, हे तुम्हीच शिकवलंत ना? आई कपाळाला हात लावून बसली आहे.

लोभ आटू देऊ नका.
तुमची लिविया

माको, २५ एप्रिल १९४४

चि. लिवियास,
अ. उ. आ.

चांगली वकील झालीस की गं! चाळीस वर्षं सिनेगॉग सांभाळतोय, पण देवाच्या नावाची अशी ढाल करणारी तूच पहिली. ही लबाडी आहे, पुन्हा करायची नाही. दादाचा ठावठिकाणाही पुन्हा लिहायचा नाही.

पण नाव पडलं ते पडलं. वही टोपलीतून पाठव. फाटक्या प्रार्थनापोथ्या दफनभूमीत पुरायच्याच आहेत, त्यांच्या मडक्यात तीही ठेवतो. मी वाचणार नाही, माझ्या तपकिरीची टिंगल असणारच.

आईला जप.
तुझा आजोबा

सेगेद, ४ मे १९४४

ती. आजोबांना,
सा. न. वि. वि.

वही पाठवली आहे. हात रिकामा वाटतो, रडूही येतं. आता रोजचं तुम्हालाच लिहीन. या पत्रांत देवाचं नाव नाही, लबाडी नको म्हणालात ना? तेव्हा वाचून झाली की चुलीत घाला.

तुमची शहाणी झालेली
लिविया

माको, १४ ऑक्टोबर १९४५

ती. बोर्बालामावशींना,
आन्डोरचा सा. न.

आई, लिविया, आजोबा, छावणीतून कुणीच परत आलं नाही, हे तुम्ही जाणताच. काल मी मडकं उकरून काढलं. वही कोरडी आहे. तुमच्या माळ्यावर मी घोरतो, हेही तिने तुमच्याकडून ऐकून लिहून ठेवलंय. वाचून हसलो, मग मडक्यात पुन्हा हात घातला.

वहीखाली तिची अकरा पत्रं होती. एकही जाळलेलं नव्हतं. प्रत्येकाच्या कोपऱ्यात आजोबांच्या अक्षरात देवाचं नाव आहे.

तुमचाच,
आन्डोर