कागद संपायच्या आधी

९ एप्रिल १९४६, चाकूर

कस्तुराबाईंकडे जाऊन आले. उद्या त्यांच्या रामकिशनला जाऊन वर्ष होईल, म्हणून जाताना जीव घाबरत होता. त्या रडत असतील असं वाटलं. त्या चिंचा फोडत बसल्या होत्या! मलाही दगड दिला, चिंचोके काढायला बसवलं.

मग सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "तू लगीन करून बिलोलीला गेलीस की त्याची पत्रं मला कोण वाचून दाखवील?"

मी बाबांचं नाव घेतलं. "गुर्जी नगं," म्हणाल्या. "मलाच शिकिव."

पन्नाशीची बाई पाटी धरायची म्हणते! मी हो म्हणून आले.

१० एप्रिल

आजचा दिवस.

सतरा पत्रं आहेत. रामकिशन बाबांच्या हाताखाली चौथीपर्यंत शिकला, म्हणून पलटणीतून स्वतःच लिहायचा — पेन्सिलीनं, ठसठशीत. पत्र आलं की मी वाचून दाखवायचे. कस्तुराबाई सांगायच्या ते उत्तरही मीच लिहायचे. तीन वर्षं असं चाललं. आधी बेळगाव, मग मिसर, मग इटली. तिथं एका नदीच्या बांधावर चढताना गोळी लागली. पुढं तीन आठवड्यांत तिकडची लढाई संपली. तीन आठवडे!

कस्तुराबाईंनी आज फक्त 'र' गिरवला. पहिलं अक्षर 'अ' असतं म्हटलं तर ऐकेनात. "आधी त्याचं," म्हणाल्या.

२ मे

बाबांनी जुनी पाटी दिली, पण कस्तुराबाईंना भिंत बरी वाटते. सारवलेल्या भिंतीवर कोळशानं लिहितात — पाणी, भाकर, बैल. जोडाक्षराशी मात्र भांडण. 'कस्तुरा' लिहिताना 'स्तु'पाशी येऊन थांबतात आणि स्वतःच्या नावावर चिडतात. आज दोघी इतक्या हसलो की शेजारची दानम्मा डोकावून गेली.

दुपार कधी सरते कळत नाही. बरं वाटतं मला तिथं.

९ मे

बिलोलीचे लोक येऊन गेले. लग्न मार्गशीर्षात. मुलगा शांत आहे. सासूबाईंनी मला काय वाचतेस ते विचारलं. आवडलं मला ते.

२१ मे

आज कस्तुराबाई पत्रातली ओळ आपली आपण वाचायला लागल्या. "आई, इथं ज्वारी बघायला मिळत नाही." बोट ठेवून, शब्द शब्द. डोळे नुसते चमकत होते. मी मात्र पत्राच्या तळाकडे बघत होते.

लिहू का? लिहितेच.

प्रत्येक पत्राच्या तळाशी चार ओळी माझ्यासाठी असायच्या. त्या मी कधीच वाचून दाखवल्या नाहीत. पहिल्यात एवढंच होतं — वाचणारीला नमस्कार, आवाज चढवून वाच, आईला उजव्या कानानं कमी ऐकू येतं. मग ओळी वाढत गेल्या. तिकडचे द्राक्षाचे वेल तुमच्या ओसरीवरच्या जाईसारखे चढतात, असं एकदा. सतराव्यात — सुटी मिळाली की गुरुजींकडे येऊन तुला मागणार आहे, चालेल का तेवढं कळव.

मी "कळावे, तुमचा रामकिशन" म्हणून कागदाची घडी घालायचे.

कस्तुराबाई आता तिथवर पोचणार. मला काय म्हणतील? आणि बाबांच्या कानावर गेलं तर?

२२ मे

मोठ्या अक्षरात उतरवून देते असं सांगून पत्रांचा गठ्ठा घरी आणला. खोटं बोलले.

पलटणीतले साहेब पत्रं तपासायचे. गावाचं नाव आलं की त्यावर काळी शाई फासायचे. सगळ्या पत्रांवर असे काळे पट्टे आहेत. आणखी चार पडले तर कोणाला कळणार? दौत उघडली. टाक बुडवला. पहिलंच पत्र, आईच्या कानाची ओळ.

टाक पुसला. दौत बंद केली.

२३ मे

गठ्ठा जसाच्या तसा परत दिला.

१६ जून

आज त्यांनी सतरावं पत्र काढलं. अख्खी दुपार लागली. मी समोर बसून होते, उठून जाताही येईना. शेवटच्या ओळी त्यांनी दोनदा वाचल्या. मग कागद मांडीवर ठेवला.

"मला ठाव होतं," म्हणाल्या.

मी विचारलं, कसं?

"कागद संपायच्या आधी तुझा आवाज संपायचा. डोळे मात्र खाली चालूच. मी काय आंधळी हाय?"

रागावल्या नाहीत. मीच रडले. त्यांनी पाणी दिलं, आणि मी काय कळवलं ते विचारलं. सांगितलं — तुमच्या उत्तराखाली दोन शब्द लिहिले होते. हो. ये. फेब्रुवारीत टाकलेलं पत्र. त्यानंतर त्याचं काहीच आलं नाही. मिळालं की वाटेतच राहिलं, कोण जाणे. हे मी या वहीलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

मी निघाले तेव्हा त्यांनी पाठीवरून हात फिरवला. हलकं हलकं वाटतंय.

२० जून

सकाळीच कस्तुराबाई आल्या. पलटणीनं त्याचं सामान धाडलं होतं, त्यातलं एक पाकीट त्यांनी कोणालाच दाखवलं नव्हतं. त्याच्या खिशातला घडी केलेला कागद. त्यात मरणाचं काही लिहिलेलं असेल, म्हणून माझ्याकडूनही वाचून घ्यायचा धीर झाला नव्हता. काल स्वतः वाचला.

उलगडून माझ्यापुढे धरला. घड्यांवर झिजलेला. माझंच अक्षर. तळाशी ते दोन शब्द.

"पोचलं व्हतं गं त्याला," म्हणाल्या.