हृदयाला बांधलेली पाठ

बाबा, परतवाड्याच्या बाजारात संत्र्यांच्या दोन-दोन पेट्या एकदम उचलायचात, तेव्हा लोक वळून तुमची पाठ बघायचे. घरी तीच ताकद आईच्या वाट्याला यायची. तुम्ही डावखुरे, म्हणून तिचा उजवा कान कायमचा गेला. मग तुमचं हृदय फुगलं, दोन पायऱ्या चढताच धाप लागू लागली. मुंबईच्या सर्जननं समजावलं, पाठीचा डावा स्नायू बरगड्यांमधून आत घ्यायचा, हृदयाभोवती गुंडाळायचा आणि पोटाच्या कातडीखाली यंत्र बसवून त्याला विजेचे हलके झटके द्यायचे. पाठीचा स्नायू लवकर थकतो, पण हळूहळू शिकवला की तोही न थकता हृदयाला आवळत राहतो. "मंग माहा डावा हात?" तुम्ही विचारलं. "पहिल्यासारखा जोर राहणार नाही." आई पदराआड हसली. मी पाहिलं. तुम्हीही पाहिलं.

घरी आल्यावर तीच तुमची जखम पुसते, भाकर कुस्करून भरवते. स्नायू शिकतो आहे, तुमच्या ओठांचा निळेपणा उतरतो आहे, आणि आई शेजारणीला सांगते, "देवानं दुसरा माणूस देला वो मले." एका सकाळी दूध उतू गेलं. तुम्ही खाटेवरून उठलात, धाप न लागता चुलीपर्यंत आलात आणि उजव्या हातानं तिला मारलंत. "त्या दिवशी काहून हासली होती वं तू?" भिंतीला धरून ती म्हणाली, "चांगलं शिकवलं डाक्टरायनं तुमाले."

पुढच्या वर्षी अकोल्याला, माझ्या सासरी, आईसोबत आला होतात तेव्हा तुम्ही भरल्या ताटावर कोसळलात. डॉक्टरांनी नाडी बघून मान हलवली. पण यंत्राला ते कुठं ठाऊक? तुमच्या काखेखाली कातडी थडथड उडत होती. मी आईचा हात तिथं नेला. चटका बसल्यासारखा तिनं तो ओढला आणि मागं सरकली. "अजून जोर हाये त्यायच्यात," म्हणाली. ते थांबेपर्यंत ती जवळ आली नाही.

अशी शस्त्रक्रिया आता कुणी करत नाही म्हणतात. आईही गेली. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. माणसं जमायच्या आत तुमचं ताट मी आत नेलं आणि उभ्या उभ्या सगळं संपवलं. मला भूक लागली होती.