यंत्राच्या मते घरात कोणी नाही

ईडन प्रेरी, मिनेसोटा
जानेवारी, मंगळवार

ती. शरयूमावशींना,

अनयाचा वाकून नमस्कार (आठवा महिना असल्यामुळे वाकणं सध्या मनातल्या मनात). तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहिणार होते, पण तुम्हाला खोटं लिहिणं बरं वाटेना. देवांग खुशाल आहे. तुमच्या धाकट्या बहीण, म्हणजे आमच्या सासूबाई, बाळंतपणासाठी म्हणून आल्या आणि आता "या थंडीत माझा निभाव लागायचा नाही, पुढच्या आठवड्यात नागपूरला परत जाते" म्हणतायत. माझ्या आईला व्हिसा मिळालेला नाही. त्यामुळे या गेल्या तर बाळाची पहिली अंघोळ मी व्हिडिओ बघून घालणार. फोनच केला असता, पण तुमचा फोन आमच्याकडे नेहमी स्पीकरवर असतो आणि स्पीकर सासूबाईंच्या मांडीवर, म्हणून हा मेल. तक्रार नाही, फक्त घडलं ते सांगते.

खोलीतून शेवटी निघेल त्याने पंखा बंद करायचा, या शिस्तीत मी वाढले (बाबा कार्यालयातलेही पंखे बंद करत, खाली पंगत बसलेली असताना). रिकाम्या घरात हीटर चालू ठेवणं मला चोरीसारखं वाटतं. म्हणून भिंतीवर नवा थर्मोस्टॅट बसवून घेतला. त्याला वेळापत्रक नेमून द्यायचं : माणसं घरी असली की अडुसष्ट अंश (घाबरू नका, इथले अंश वेगळे, आपले वीस), घर रिकामं असलं की साठ. मी माहितीपुस्तिका संपूर्ण वाचली, फक्त स्पॅनिश भाग सोडला, त्याचीही थोडी रुखरुख आहे. शिवाय या यंत्राला हालचाल कळते. बराच वेळ कोणी हललं नाही, की ते घर रिकामं धरून आपणहून हीटर उतरवतं. आम्ही ऑफिसला गेलो की सासूबाई जपाला बसतात, आणि त्यांची बैठक तुम्हाला ठाऊकच आहे. संध्याकाळी येऊन बघतो तर त्या दोन शाली, माझा बर्फातला कोट आणि देवांगची लोकरी टोपी घालून बसलेल्या, आणि यंत्राच्या पडद्यावर सूचना : घरात कोणी नाही. देवांगने ती मोठ्याने वाचली. "मी असून नसल्यासारखी," सासूबाई म्हणाल्या, "हे भिंतीलासुद्धा कळलं."

यंत्रातर्फे मी माफी मागितली. एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण मी पुढे असंही सुचवलं की अधूनमधून त्याच्यासमोरून एक फेरी मारत जा. "म्हणजे सुनेच्या घरी भिंतीकडे हजेरी लावायची!" मी ती हालचालीची सोयच रात्री बंद करून टाकली, पण हे सांगेपर्यंत सकाळी देवच हलले होते. तिथे जायचंच आहे तर निदान देवासाठी जाईन, असं म्हणून सासूबाईंनी देव्हारा बरोबर यंत्राखालच्या फळीवर मांडला आणि माझी सुटका नीट व्हावी म्हणून समई लावली. अखंड. (त्या गेल्यावर तेल मी घालायचं आहे.)

समईची धग थेट यंत्राच्या नाकाखाली. त्याला वाटतं घर तापलं, ते हीटर बंद करतं. बाहेर उणे वीस, आणि आत आम्ही तिघं टोप्या घालून वरणभात जेवतोय. देवांग फोनवरचा आकडा बघून सांगतो, "आई, इथे एकाहत्तर आहे. तुला थंडी वाजतच नाहीये."

"मग हे दात कोणाचे वाजतायत रे?"

काल यंत्र पुसताना हाताला ऊब लागली तेव्हा मला उलगडा झाला. पण दिवा माझ्यासाठी लावलेला, तो हलवा असं मीच कसं म्हणू? देवांग सांगायला तयार आहे, पण तो आलेख काढून सांगेल.

असो. प्रकृतीला जपा. तुमच्या आशीर्वादाची नेहमीपेक्षा थोडी जास्त गरज असलेली,
अनया

ता. क. उद्या फोन करून सहज विचाराल का, की देव ईशान्येला आहेत ना म्हणून? नाहीत. समोरचा कोपरा ईशान्येला आहे, मी होकायंत्रावर तीनदा तपासलंय, म्हणजे तुम्हाला खोटं बोलावं लागणार नाही. तुमचा शब्द त्या मोडत नाहीत.

आणखी एक ता. क. जाण्याची तारीख तुम्हाला अचूक कळवावी म्हणून आत्ता सासूबाईंनाच विचारून आले. तिकीट त्यांनी बदललेलंच नाही. "थांबा असं कोणी म्हणतंय का, ते बघत होते," म्हणाल्या. इतक्या दिवसांत मी यंत्राच्या सगळ्या सोयी तपासल्या, पण हे म्हणायचं राहिलंच होतं. लगेच म्हणाले. त्यांनी देवांगला बोलावून त्याच्यासमोर पुन्हा म्हणायला लावलं.

शेवटचा ता. क. फोन मात्र कराच. त्या थांबतायत, पण समई अजून यंत्राच्या नाकाखालीच आहे.