हरणाऱ्याने वाढायचं

अण्णा,

इकडे एक सामना बंद पडलाय. तो चालू राहावा की नको यावर माझ्या हॉटेलात रोज वाद होतो आणि मी गल्ल्यावर बसून सगळ्यांचं ऐकतो. तुम्ही म्हणायचात, चढाईला आलेल्याचं तोंड बघू नको, पाय बघ. तोंड हसतं, पायाला ते जमत नाही. मैदानावर मला ते पुरतं कधी साधलं नाही, पण अमेरिकेत येऊन धंदा केला तो त्याच एका वाक्यावर. या श्रूजबरी गावात आलो तेव्हा एका सरदारजींच्या हॉटेलात भांडी घासली, मग कांदा चिरला, मग भट्टी सांभाळली. आता छोटं का होईना, माझं स्वतःचं हॉटेल आहे. शनिवारी मिसळ असते. पुण्याची, नागपूरची कॉम्प्युटरवाली पोरं येतात, काका काका करतात, आणि जाताना म्हणतात, "काका, पुण्यात पण अशी मिळत नाही!" मी हसतो आणि खाली बघतो. खोटं बोलणाऱ्याचा एक पाय केव्हाच दाराबाहेर पडलेला असतो.

माझ्या भिंतीला भिंत लावून एका म्हाताऱ्याचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान आहे. जन्माने इथलाच गोरा, पण शिकला शेजारच्या राज्यातल्या विद्यापीठात. माझा मुलगा इथल्या विद्यापीठात शिकतो. इथे कॉलेजांचं फुटबॉल आपल्या हुतूतूच्या स्पर्धांसारखं गटागटांनी चालतं. गटाला कॉन्फरन्स म्हणतात, आणि एका गटातल्यांना एकमेकांशी खेळावंच लागतं. ही दोन विद्यापीठं एका गटात, म्हणजे दर वर्षी पानं गळायच्या दिवसांत एका शनिवारी सामना ठरलेला. मुलगा तिथे लागला त्या वर्षी म्हातारा माझ्या दारात येऊन म्हणाला, "तुझं पोरगं चुकीच्या कॉलेजात गेलं. आता दर वर्षी रडायची तयारी ठेव." मला बरं वाटलं. इथे माझ्याशी इतकं वाईट तोवर कोणी बोललं नव्हतं.

मग मी त्याला तुमची रीत सांगितली. आपल्या गल्लीचा संघ आणि नदीपलीकडच्या गावाचा संघ, सामना झाला की जेवण आपल्या खानावळीत, आणि हरलेल्यांनी जिंकलेल्यांना वाढायचं. नुसतं वाढायचं नाही, आग्रह करून वाढायचं. त्या वर्षी त्याचं विद्यापीठ हरलं. मी माझा ॲप्रन त्याच्या गळ्यात घातला.

"म्हणजे तुझ्या गिऱ्हाइकांना मी वाढायचं? हा कुठला कायदा?"

"माझ्या वडिलांचा."

"ते भेटले असते तर त्यांच्या दाराचं कुलूप बदलून किल्ली फेकून दिली असती."

पण वाढलं त्याने. कटाची बादली घेऊन टेबलाटेबलावर फिरला. एका नागपूरच्या पोराच्या वाटीत पळीवर पळी ओतत मला ओरडून म्हणाला, "याला पाव आण अजून, हा नुसतं सॉफ्टवेअर खाऊन राहिलाय!" पुढच्या वर्षी आमचे हरले. तेव्हा तो गळ्याला रुमाल बांधून राजासारखा बसला आणि मी वाढायला वाकलो तर म्हणाला, "असं नाही. हळू. हरल्यासारखं वाढ." पोरं हसून लोळली. मीही हसलो, पण अण्णा, माझ्या अंगावर काटा आला होता. हे वाक्य तुम्ही नदीपलीकडचा संघ घेऊन येणाऱ्या मास्तरांना म्हणाला होतात, अगदी याच सुरात.

आणि मग आमचं विद्यापीठ गट सोडून गेलं. दक्षिणेकडच्या एका गटात, जिथे टीव्हीवाले जास्त देतात म्हणे. विद्यापीठाचे साहेब टीव्हीवर आले आणि म्हणाले की जुनी नाती आम्ही जपू. फार गोड बोलले. टीव्हीवर पाय दाखवत नाहीत. पलीकडच्या विद्यापीठाचे साहेब म्हणाले, तत्त्वाचा प्रश्न आहे, यापुढे खेळणार नाही. माझा त्यांच्यावरही विश्वास नाही. उद्या त्यांना कुणी मोठ्या गटातून हाक मारली तर ते तत्त्व कुठल्या कपाटात ठेवतील ते मला ठाऊक आहे. जो राहतो तो प्रत्येक वेळी निष्ठेनेच राहिलेला असतो असं नाही. कधी कधी त्याला कुणी बोलावलेलं नसतं.

तर जायच्या आधी, गेल्या वर्षी, शेवटचा सामना झाला. आमचे जिंकले. मी कट उकळून ठेवला, ॲप्रन घडी करून गल्ल्यावर ठेवला. पोरं जमली. म्हातारा आला नाही. शेवटी मीच त्याच्या दुकानात गेलो. तो कानशीने एक किल्ली घासत होता.

"येतोस ना?"

"सोडून जाणाऱ्यांना कोणी वाढत नाही."

"मी कुठे गेलो? मी भिंतीपलीकडेच आहे."

तो किल्ली घासत राहिला. दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडताना तो समोर आला, मान लववली आणि म्हणाला, "गुड मॉर्निंग, सर." सर! इतक्या वर्षांत त्याने मला चोर म्हटलं, कांदेवाला म्हटलं, माझ्या दाराचं कुलूप बघून गाढव म्हटलं. सर कधी म्हटलं नव्हतं. तेव्हापासून रोज सर आहे. बर्फ पडला की माझ्या दारासमोरचाही बर्फ ओढून ठेवतो, थँक यू म्हटलं की "यू आर वेलकम, सर." मला वाटतं भिंत होती तिथे आता सरहद्द झाली.

मध्यंतरी एक टायवाला गृहस्थ येऊ लागला, दोन-चार जुने विद्यार्थी बरोबर घेऊन. सामना चालू राहिलाच पाहिजे, परंपरा आहे, काका तुम्ही पण या अर्जावर सही करा. माझी सही कशाला रे बाबा, मला अजून तो चेंडू दर वेळी मध्येच का थांबवतात तेही कळत नाही. पण मी चहा दिला आणि कान तिकडे ठेवला. ते बाहेरच्या टेबलावर फोनवर बोलत होते. सामना दोघांच्याही गावात नको, लांब मोठ्या शहरातल्या स्टेडियममध्ये घ्यायचा, नावाच्या आधी एका कंपनीचं नाव लावायचं. म्हणजे बंद करणाऱ्यांचे पाय एकीकडे आणि चालू ठेवणाऱ्यांचेही तिकडेच! मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "बाबा, इट्स जस्ट शेड्यूलिंग. पुढे कधीतरी एखादा नॉन-कॉन्फरन्स गेम ठेवतील."

"म्हणजे मैत्रीचा सामना?"

"काइंड ऑफ."

मैत्रीचा सामना म्हटलं आणि मला तो दिवस आठवला. आपल्याकडे नवा तालुका झाला, नदीपलीकडचं गाव तिकडे गेलं आणि दोन्ही संघांचे गट वेगळे झाले. मास्तर म्हणाले, आता संबंध नाही. तुम्ही म्हणालात, बरं. मग पुढाऱ्यांनी आपल्या वाढदिवसाला मैत्रीचा सामना ठेवला. पताका लावलेल्या, बनियनांवर पुढाऱ्यांचा फोटो. मी चढाईला जातो. कोपऱ्यातला त्यांचा गडी, ज्याने आदल्या वर्षी माझा घोटा पिरगाळला होता, तो माझा पाय धरतो, हसतो, आणि सोडून देतो. मी रेषेला हात लावतो. टाळ्या पडतात. आणि तुम्ही मैदानात चालत येता, चपलांसकट. तुम्ही मैदानात कधी चपला घालून आला नव्हतात.

"तुला सोडलं ते कळलं का?"

"कळलं."

"मग परत कशाला आलास?"

सगळ्यांसमोर. सामना तिथेच थांबला. त्या दिवशी खानावळीत भात तसाच राहिला, कारण वाढणार कोण, कोणी हरलंच नव्हतं. मास्तर तुमच्याकडे बघत उभे होते. दर वर्षी "काय खानावळवाले, पोरांना भाकरी जास्त झाली काय, हलेनात ती!" असं ओरडणारे मास्तर, त्या दिवशी हात जोडून "येतो, अण्णासाहेब" म्हणाले. पुढे तुम्ही दोघं एकमेकांना दिसलात की नमस्कार करायचात. मला वाटायचं, भांडण मिटलं, चांगलं झालं. आता त्या नमस्काराचा अर्थ लागतो. म्हातारा रोज सकाळी मला सर म्हणतोय ना.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे, ती तुम्ही पाहिली नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा मी इथून पोहोचेपर्यंत तुम्हाला नेलं होतं. पण तेराव्याला मी होतो. पंगत बसली आणि दारात मास्तर. मला पहिला संशय आला तो असा की आता हे सगळ्यांसमोर तुमच्याबद्दल चार गोड शब्द बोलणार. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, बाह्या वर सारल्या, माझ्या हातातली वरणाची बादली घेतली आणि पंगतीत शिरले. थकले होते. मी सवयीने त्यांच्या पायांकडे बघितलं. अनवाणी, एकेक पाऊल मोजून टाकत, प्रत्येक पानापुढे थांबत, आग्रह करत. अगदी हरल्यासारखे वाढत होते, अण्णा. तोंड आणि पाय एकच सांगत होते. तसं मी आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही फारसं पाहिलेलं नाही.

म्हणून कोणी विचारलं की सामना चालू राहावा का, तर माझं मत एवढंच आहे: शेवटी कुणाला तरी वाढावं लागणार असेल तर राहावा. गट कुठलाही असो. नाहीतर तो वाढदिवसाचा सामना आहे, बनियनांवर फोटो फक्त दुसऱ्या कुणाचा तरी.

आज तो शनिवार आहे. यंदा सामना नाही, म्हणजे कोणी हरलेलं नाही आणि नियमाने कुणी कुणाला वाढायचं नाही. तरी मी कट उकळलाय. डबा भरलाय, ॲप्रन बांधलाय, पलीकडून कानशीचा आवाज येतोय. गेल्या वर्षी जिंकलेला मी, पण जाऊन त्याला वाढणार आहे. पोरांना मी परंपरा वगैरे सांगतो, ते तुम्ही खरं मानू नका. या गावात मला सगळे काका म्हणतात, सगळ्यांना माझी मिसळ आवडते. तोंडावर शिवी घालणारा हा एकच माणूस होता.

त्याने बघून "कांदेवाल्या, हे काय आता?" म्हटलं तर सामना चालू आहे असं मी समजेन. पण डबा हातात घेऊन तो जर "थँक यू, सर" म्हणाला, तर तिथून परत कसं यायचं ते तुम्ही मला शिकवलेलं नाही. हे पत्र कुठे जाणार नाही हे मला माहीत आहे. कट निवत चाललाय आणि मी अजून बसून लिहितोय, ते तेवढ्यासाठीच.