तिसऱ्या गाण्यातला परका आवाज

३ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

कॅसेट धडधाकट पोचली. हे कामावर गेल्यावर दार लावून घेतलं आणि निवांत ऐकली. पहिल्या दोन गाण्यांना डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. पंच्याहत्तराव्या वर्षी बाबा अजून असे गातात, आणि हा त्यांचा शेवटचा संच म्हणायचा, जीवावर येतं रे. माझ्या पेटीचा भाता कुईकुई करतो, तेसुद्धा तू तसंच ठेवलंयस. दुरुस्त करून घे म्हणून तू चारदा बजावलं होतंस, पण मला मेलीला मुहूर्त सापडेल तेव्हा ना.

आता तिसरं गाणं. त्यात बाबा वर चढतात ती ओळ. रेकॉर्डिंगच्या दिवशी मी त्यांच्या गुडघ्याला लागून पेटीवर बसले होते. तिथे त्यांचा आवाज फाटला, हे मी या कानांनी ऐकलंय. त्यांनी ओळ पुन्हा घेतली, पुन्हा फाटला. मग हसून म्हणाले की चला, आता एवढ्यावरच भागवा. तुझ्या कॅसेटमध्ये मात्र तो सूर छान उभा राहतो, कारण त्याला खालून कोणीतरी धरलेलं आहे. कोण आहे ते?

तुझा धंदा मला माहीत आहे म्हणून विचारते. पलंगाखाली टेपरेकॉर्डर लपवून आईची भांडणं भरून घेणारा तू. मोठ्या स्टुडिओत वायरी गुंडाळल्यास, दंतमंजनाच्या जाहिराती केल्यास, आणि आज अख्खी लाइन तुला कात्री म्हणून ओळखते. त्या नटीला दोन सूर सलग लागत नव्हते, तर तिची आठ गाणी तू तुकडे जोडून उभी केलीस. हे तूच सांगितलंस आणि मीही पोट धरून हसले. पण बाबांनी जन्मात कोणाचा उसना सूर घेतलेला नाही. त्यांच्या गाण्याला त्यांना न विचारता ठिगळ लावलं असशील, तर ते मला चालायचं नाही.

लोभ आहेच. तो वाढवायचा की आवरायचा, ते तुझ्या उत्तरावर ठरवीन.

तुझी,
ताई


९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पावलं. इकडे सगळं ठीक. स्टुडिओच्या छताला ओल आली होती, ती काढली. बाबा रोज येऊन काचेपलीकडे बसतात आणि माझ्या मदतनिसांना पूर्वीच्या काळी गाणं कसं होतं ते ऐकवतात. कामं खोळंबतात, पण कोणाची टाप आहे त्यांना उठवायची?

तिसऱ्या गाण्याचं तुला कोणी सांगितलं? बाबा काही बोलले का? की तबलजी? तो पोटात काही ठेवत नाही. तुला कोणी काही सांगितलं असेल तर मला आधी कळव.

बाकी, माइकनं त्या दिवशी जे ऐकलं तेच कॅसेटमध्ये आहे. बाहेरचं काही आणलेलं नाही. उरलेली दोन गाणी १० एप्रिलला भरायची आहेत. बाबांचा आवाज हल्ली सकाळी तासभरच साथ देतो, आणि पुढच्या वर्षावर भिस्त ठेवू नका असं डॉक्टर म्हणाले. पेटीला ते तुझ्याशिवाय कोणाचंही नाव काढू देत नाहीत. तेव्हा नक्की ये. आणि हो, भात्याला आता हात लावू नकोस. राहू दे तसाच.

भाऊजींना नमस्कार. माझ्यावरचा लोभ आवरू नकोस, एवढंच मागणं.

तुझा,
धाकटा


१६ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. मी विचारलं कोणाचा आवाज, तर तू विचारतोस तुला कोणी सांगितलं. म्हणजे सांगण्यासारखं आहे! आणि भात्याचं काय रे? चार वेळा दुरुस्त कर म्हणालास आणि आता हात लावू नकोस? हे कसलं कारस्थान चाललंय?

मी ती ओळ यांनाही ऐकवली. हे म्हणाले की आवाज ओळखीचा वाटतो, आणि पेपरमागे तोंड लपवून हसत बसले. यांनाही तू फितवलंस की काय? यांचं काही धरू नये म्हणा. मी भाजी चिरताना गुणगुणते, असंही हे सगळ्यांना सांगत फिरतात. मी सोळाची असताना बाबा म्हणाले की तुझा आवाज जाड आहे, तू पेटी धर. तेव्हापासून तोंडातून सूर काढला नाही मी, आणि म्हणे गुणगुणते.

आता स्पष्टच लिहिते. आवाज बाईचा आहे. तुझी बायको लग्नाआधी गायची, आणि अजूनही चार लोकांत संधी मिळाली की सोडत नाही. बाबा घरी गेल्यावर तिला माइकसमोर उभी केलीस ना? बाबा जन्मभर ज्या गोष्टीला नावं ठेवत आले, तीच त्यांच्या शेवटच्या गाण्यात घातलीस, तीही घरातल्या घरात. हे त्यांना बाहेरून कळलं तर ते संच बाजारात येऊ देणार नाहीत, आणि पुन्हा तुझ्या स्टुडिओची पायरीही चढणार नाहीत. त्यापेक्षा मीच त्यांना लिहिते. १० तारखेला मी येत नाही. ठिगळाच्या गाण्याला माझी पेटी मिळायची नाही.

तब्येत सांभाळ. राग आहे म्हणून काळजी सुटत नाही.

ताई


२२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ही रेकॉर्डिंगच्या आठवड्यात माहेरी होती. तुझं पत्र तिच्या हाती आधी पडलं. दोन दिवस घरात भांडी जरा जोरात वाजली. तिचं काय करायचं ते तू बघ.

मला कात्री म्हणतात, त्याचं वाईट वाटत नाही. पोटासाठी कापाकापी केली आणि जोडाजोडीही केली. पण बाबांच्या टेपला मी ब्लेड लावलेलं नाही. तुझा विश्वास नाही, हे मात्र लागलं.

मला बोलायची बंदी आहे, ती कोणी घातली ते विचारू नकोस. ती आज मोडतोय, कारण तू आली नाहीस तर दोन गाणी कायमची राहतील. सोबत दुसरी कॅसेट आहे. त्या दिवशी खोलीत चार माइक होते. त्यातले तीन बंद करून चौथ्यानं ती ओळ कशी ऐकली, तेवढंच त्यात आहे. हेडफोन लावून ऐक. मग बाबांना काय हवं ते लिही.

उत्तराची वाट बघतोय. लोभाचं तूच ठरव.

धाकटा


२८ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला मी वेगळंच पत्र लिहिणार होते. त्यात धाकट्याची तक्रार होती. ते फाडलं.

त्यानं एक कॅसेट पाठवली. ती लावताना मी मनाशी म्हणत होते की आता कुठली नवी थाप ऐकवतोय बघू. आधी पट्ट्यांची टकटक आली, मग आपल्या भात्याची कुईकुई, अगदी कानाला लागून. तुम्ही लांब, शेजारच्या खोलीतून आल्यासारखे. आणि भात्याला चिकटून ती बाई गात होती. मी आठवू लागले, त्या दिवशी माझ्याजवळ कोण बसलं होतं? डावीकडे भिंत होती आणि उजवीकडे तुम्ही. पुन्हा ऐकली. भाता जिथे सुटायचा, तिथेच ती श्वास घ्यायची. पुन्हा ऐकली, तेव्हाही तेच.

मी उठून यांना विचारलं की मी खरंच गुणगुणते का. हे म्हणाले, चोवीस वर्षं तेच सांगतोय.

बाबा, देवाशपथ मला कळत नव्हतं. तुमच्या गाण्यात मी तोंड घातलं आणि तुमचा संच बिघडवला. धाकट्यानं मला सांभाळून घ्यायला तुमच्यापासून लपवलं असणार, त्याला रागावू नका. तो आवाज काढून टाकायला सांगा. मी १० तारखेला येते, पण ओठ घट्ट मिटून बसेन. भावजयीला नाही नाही ते लिहिलं, तिची वेगळ्या पत्रानं क्षमा मागितली आहे.

आशीर्वाद असू द्या, अजून द्यावासा वाटत असेल तर.

तुमची,
थोरली


२ एप्रिल

चि. सौ. थोरलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

धाकट्याला बंदी मी घातली होती. त्यानं काही लपवलेलं नाही. उलट त्या दिवशी टेप ऐकताना तो पेटीचा माइक बंद करायला निघाला, तेव्हा मीच त्याचा हात धरला.

मी दमलो की तू खालून सूर धरतेस, हे मला आज कळलेलं नाही. किती वर्षं त्या भरवशावर वर चढत आलो. भात्याच्या आवाजात तुला तुझं ऐकू जात नाही, म्हणून तो दुरुस्त करू द्यायचा नाही असं मी धाकट्याला सांगितलं. तुला कळलं की तू ओठ मिटशील, हेही मला ठाऊक होतं. आधी दोन गाणी होऊ देत, मग सांगू, असा बेत होता. तुम्ही भावंडांनी तो पाण्यात घातलात.

तुझा आवाज जाड आहे असं मी म्हणालो होतो. ते मागे घेत नाही. जाड आहेच. म्हणून तर माझ्या फाटक्या सुराखाली टिकला.

आता भाता खुशाल दुरुस्तीला टाक. पेटीला दुसरा माणूस सांगितला आहे. धाकट्यानं दोन माइक शेजारी शेजारी मांडलेत आणि तुझी उंची विचारतो आहे, ती त्याला कळव.

तिसऱ्या गाण्यात ती ओळ संपवताना तू घाई करतेस. रोज सकाळी ती घोटून ये. आल्यावर आधी म्हणून दाखवायची आहे.

वाट पाहतो.

बाबा